विश्लेषण : माळ्यावरच्या रद्दीत हरिभाऊंची कादंबरी? 'करमणूक'चे जुने अंक इतके मोलाचे का?

नवेगाव बांध (जि. गोंदिया) : दिवाळी जवळ आली की जुन्या घरांचे माळे रिकामे होतात. पितळी भांडी घासायला खाली येतात, मोडकी खुर्ची अंगणात जाते आणि सुतळीने बांधलेले कागदाचे गठ्ठे थेट रद्दीवाल्याच्या काट्यावर. त्या गठ्ठ्यात जुनी पंचांगं असतात, फाटक्या पोथ्या असतात, शाळेच्या वह्या असतात. क्वचित एखादं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं साप्ताहिकही असतं. त्यावर 'करमणूक' असं नाव दिसलं, तर तो गठ्ठा काट्यावर ठेवण्याआधी थांबा.

कारण मराठी कादंबरीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या हरि नारायण आपटे यांच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या आधी पुस्तक म्हणून आल्याच नाहीत. त्या दर आठवड्याला, थोड्या थोड्या, साप्ताहिकाच्या पानांवर आल्या. पुस्तकं नंतर निघाली आणि आजही मिळतात. मूळ अंक मात्र फार थोडे उरले.

इंग्रजीत अशा अंकांचं काय होतं, ते आधी पाहू. शेरलॉक होम्स हे पात्र पहिल्यांदा छापून आलं ते 1887 च्या 'बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल' या नाताळ अंकात. किंमत होती एक शिलिंग. लेखक आर्थर कॉनन डॉयल तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता आणि त्याला सगळे हक्क विकून 25 पौंड मिळाले होते. त्या अंकाच्या आज जगभरात तीस-पस्तीस प्रतीच माहीत आहेत. 2007 मध्ये त्यातली एक प्रत लिलावात दीड लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. चार्ल्स डिकन्सची पहिली गोष्ट 1833 च्या डिसेंबरमध्ये 'मंथली मॅगझिन'मध्ये आली, तीही लेखकाच्या नावाशिवाय. हे अंक शोधणं, जुळवणं, त्यांची नोंद ठेवणं हा तिकडे अनेकांचा आयुष्यभराचा छंद आहे.

मराठीत लिलाव नाही, बाजारभाव नाही. म्हणून अंकाचं महत्त्व कमी ठरत नाही. ते समजायला हरिभाऊंचं आयुष्य थोडं सविस्तर पाहावं लागेल.

हरिभाऊ आपटे कोण होते?

जन्म 8 मार्च 1864, खानदेशातलं पारोळे गाव. आई लहानपणीच गेली. बालपण मुंबईत गेलं आणि 1878 मध्ये कुटुंब पुण्यात आलं. एकत्र कुटुंब, मोठा गोतावळा, सोवळं-ओवळं, सासुरवाशिणी, लहान वयात लग्न झालेल्या मुली. पुढे कादंबऱ्यांत जे घर दिसतं, ते त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकताना शिक्षक कोण होते, तर विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर. एवढे तिघे एकाच शाळेत असणं हा त्या काळच्या पुण्याचा योग. 1882 मध्ये चिपळूणकर गेले तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य लिहिलं. म्हणजे सुरुवात कवितेने झाली.

1883 ला मॅट्रिक झाली. पुढे डेक्कन कॉलेज आणि फर्ग्युसन कॉलेज झालं, पण पदवी मिळाली नाही. गणिताशी जमलं नाही. इंग्रजी आणि संस्कृत वाचन मात्र प्रचंड होतं. ज्याला पदवी मिळाली नाही, त्याच माणसाला पुढे 1915 मध्ये मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेचा उगम आणि विकास या विषयावर विल्सन व्याख्यानं द्यायला बोलावलं.

नोकरीचा प्रश्न घरातच सुटला. काका महादेव चिमणाजी आपटे मुंबई हायकोर्टातले वकील होते. त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. संस्कृत हस्तलिखितं गोळा करायची, जपायची आणि छापायची, हे तिचं काम. हरिभाऊ या संस्थेचे व्यवस्थापक झाले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. इथे एक विसंगती खटकते. दिवसा जुन्या पोथ्यांचं पान न् पान सांभाळणाऱ्या या माणसाचं स्वतःचं लेखन मात्र आठवडाभरात शिळ्या होणाऱ्या कागदावर छापलं जात होतं.

पहिली कादंबरी कुठे छापून आली?

'पुणे वैभव' या साप्ताहिकात, 1885 पासून. नाव 'मधली स्थिती'. लेखकाचं वय 21. इंग्रजी शिकून जुनं सोडलेल्या, पण नव्याचा नेमका अर्थ न कळलेल्या पुण्यातल्या तरुण पिढीची ही गोष्ट. त्यात दारू आहे, बाहेरख्यालीपणा आहे, घरातल्या बायकांची फरफट आहे.

या कादंबरीला आधार होता जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'चा. आज इंग्लंडमध्येही हे नाव फारसं कुणी घेत नाही. पण एकोणिसाव्या शतकात भारतात डिकन्सपेक्षा रेनॉल्ड्सचे वाचक जास्त असावेत, इतकी त्याची चलती होती. लंडनच्या गल्ल्या, गुन्हे, सरदारांची पापं आणि गरिबांचे हाल. त्याची 'मिस्टरीज ऑफ लंडन' 1844 पासून आठवड्याला एक पेनी किमतीच्या अंकांतून येत होती. 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' 1847-48 मध्ये त्याच्याच साप्ताहिकात आली. डिकन्सची पहिली गोष्ट जिथे छापून आली त्याच 'मंथली मॅगझिन'चा रेनॉल्ड्स काही काळ संपादक होता, आणि तिथे त्याने डिकन्सच्या पिकविकला परदेशी फिरवून आणणारी स्वतःची मालिकाही चालवली.

थोडक्यात, लंडनच्या साप्ताहिकातून पुण्याच्या साप्ताहिकात अशी ही वाट आहे. मधे पुस्तकं आली, बोटी आल्या, वाचनालयं आली, पण दोन्ही टोकांना आहे तो स्वस्त, पातळ, दर आठवड्याचा कागद.

हरिभाऊंनी सांगाडा घेतला, पण माणसं पुण्यातली उभी केली. 'मधली स्थिती' ही काही त्यांची सर्वोत्तम कादंबरी नाही. कथानक पसरट आहे, योगायोग फार आहेत. पण आजूबाजूचं घर, बोलणं, भांडण जसंच्या तसं उतरवण्याची जी पद्धत पुढे त्यांची ओळख ठरली, ती इथेच दिसू लागते. त्याआधीची मराठी कादंबरी बरीचशी राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत प्रसंगांत रमलेली होती.

दुसरी कादंबरी 'गणपतराव'. ती 1886 पासून 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' या मासिकात येऊ लागली आणि अर्धवटच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

'करमणूक' म्हणजे नेमकं काय होतं?

1890 साली हरिभाऊंनी स्वतःचं साप्ताहिक काढलं. पुण्यात तेव्हा 'केसरी' होता, आगरकरांचा 'सुधारक' होता. दोन्हीकडे वाद, राजकारण, समाजसुधारणा, आणि भाषा धारदार. घरातल्या बायका-मुलांनाही वाचता येईल, मन रमेल आणि त्यातूनच विचार पोहोचेल असं काही नव्हतं. ती जागा 'करमणूक'ने घेतली. गोष्टी, कादंबऱ्यांचे भाग, कविता, चरित्रं, माहितीपर मजकूर असा त्याचा ऐवज होता.

काळ जुळवून पाहा. लंडनमध्ये 'स्ट्रँड मॅगझिन'चा पहिला अंक जानेवारी 1891 चा आणि त्यात शेरलॉक होम्सच्या लघुकथा सुरू झाल्या जुलै 1891 ला. पुण्यात तोवर 'करमणूक'मध्ये 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' सुरू झालेली होती. तिकडे आणि इकडे वाचक पुढच्या अंकाची वाट एकाच वेळी पाहत होते.

'आजकालच्या गोष्टी' या मालेतली ही कादंबरी 1890 ते 1893 चालली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते. माहेर, लहान वयातलं लग्न, सासरचा जाच, मग समजूतदार नवरा, वाचायला शिकणं, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि त्यानंतर जबरदस्तीने झालेलं केशवपन. पुरुष लेखकाने बाईच्या तोंडून, तिच्याच घरगुती भाषेत इतकी मोठी गोष्ट सांगणं मराठीत नवीन होतं. या काळात गोविंदराव आणि काशीबाई कानिटकर या दांपत्याशी हरिभाऊंचा निकटचा स्नेह होता. काशीबाई स्वतः लेखिका होत्या.

यानंतर वेग थक्क करणारा आहे. 'यशवंतराव खरे', 'मी', शिवकाळाच्या पहाटेवरची 'उषःकाल', 'जग हें असें', 'रूपनगरची राजकन्या', 'चंद्रगुप्त', 'गड आला पण सिंह गेला'. एक संपायच्या आत दुसरी सुरू. शिवाय गोष्टी वेगळ्या. दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही त्यातलीच, आजही अंगावर येणारी. हे सगळं आनंदाश्रमाचं काम आणि नगरपालिकेची धावपळ सांभाळून.

पुस्तक मिळत असताना जुना अंक कशाला हवा?

सगळ्यात मोठं कारण : अंकावर तारीख असते.

'पण लक्ष्यांत कोण घेतो!' आज हातात घेतली तर ती कुठल्यातरी जुन्या काळातली कहाणी वाटते. पण ती ज्या महिन्यांत येत होती, त्याच महिन्यांत संमतिवयाच्या विधेयकावरून पुणं पेटलं होतं. पतीने पत्नीशी शरीरसंबंध ठेवण्यासाठी मुलीचं किमान वय 10 वरून 12 करायचं, एवढाच तो बदल. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी या अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलीचा नवऱ्याकडून मृत्यू झाला होता. आगरकर विधेयकाच्या बाजूने, टिळक सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात. म्हणजे हरिभाऊंचे दोन शिक्षक समोरासमोर. मार्च 1891 मध्ये कायदा झाला. त्या आठवड्यांत यमूच्या हकिकतीचा कोणता भाग छापून आला, शेजारच्या स्तंभात काय होतं, हे पुस्तक सांगू शकत नाही. अंक सांगतो.

'उषःकाल'चंही तसंच. ती 1895 ते 1897 या काळात आली. मधे 1896 चा रायगडावरचा शिवजयंती उत्सव, दुष्काळ, पुण्यात प्लेग, 22 जून 1897 ला रँडवर झालेला हल्ला आणि त्यानंतर टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. शिवकाळाची कादंबरी लिहिणारा संपादक हे सगळं घडत असताना दर आठवड्याला पुढचा भाग छापायला देत होता. कुठल्या भागात हात आखडला, कुठे सूर चढला, हे तपासायचं तर भागवार तारखा लागतात.

दुसरं कारण म्हणजे अपुऱ्या कादंबऱ्या. 'गणपतराव' अपुरी. 'सूर्यग्रहण' अपुरी. 'कर्मयोग' अपुरी. लिहून पूर्ण झालेलं हस्तलिखित छापायला दिलं असतं तर असं झालं नसतं. भाग लिहायचा, छापायचा, पुढचा लिहायचा, या पद्धतीत लेखक थांबला की गोष्ट तिथेच थांबते. हल्ली पहिला सीझन टाकून गायब होणाऱ्या वेब सिरीजवर चिडणाऱ्यांना ही वेदना समजेल. लांबणारी वर्णनं, मधेच वाचकाशी गप्पा, आधीच्या प्रसंगाची आठवण करून देणं, हे हरिभाऊंच्या पुस्तकांत जे कंटाळवाणं वाटतं, त्याचंही कारण साप्ताहिकच आहे. आठवड्यापूर्वी वाचलेलं वाचक विसरलेला असायचा.

तिसरं, अंकात हरिभाऊ एकटे नाहीत. केशवसुतांच्या कविता 'करमणूक'मध्ये येत होत्या. केशवसुत 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेले. त्यांच्या हयातीत एकही संग्रह निघाला नाही. 1917 मध्ये 'केशवसुतांची कविता' प्रसिद्ध केली ती हरिभाऊंनीच. म्हणजे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या मोठ्या कवीचं लेखन बारा वर्षं मुख्यतः नियतकालिकांच्या सुट्या पानांवरच जगलं. ती पानं कुणीतरी जपली होती, म्हणून संग्रह झाला.

विदर्भाशी काही संबंध?

आहे. 1912 मध्ये अकोल्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हरिभाऊ होते. त्या वेळी वऱ्हाड आणि मध्य प्रांत एकाच प्रशासनाखाली होते. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये झाला. तेव्हा नवेगाव बांध भंडारा जिल्ह्यात होतं. मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चाले, पण मराठी पुस्तकं आणि साप्ताहिकं मुख्यतः पुण्या-मुंबईत छापली जात आणि टपालाने इकडे येत. शाळामास्तर, पाटील, मालगुजार, वकील अशा घरांत अशी वर्गणी असण्याची शक्यता जास्त. म्हणून पूर्व विदर्भातले जुने वाडे आणि गावोगावची वाचनालयं शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची.

हरिभाऊंची शेवटची वर्षं

पहिली पत्नी अकाली वारली, दुसरा संसार झाला. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांनी लोकांत जाऊन काम केलं. नगरपालिकेत अनेक वर्षं सभासद, नंतर अध्यक्ष. टागोरांच्या 'गीतांजली'चा मराठी अनुवाद केला. विजयनगरच्या पाडावावरची 'वज्राघात' पूर्ण केली. सुमारे 27 वर्षं चालवलेलं 'करमणूक' 1917 मध्ये बंद झालं. 3 मार्च 1919 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

अंक टिकले का नाहीत?

याचं उत्तर अर्धं रसायनशास्त्रात आहे. जुना हातकागद चिंध्यांपासून बनायचा आणि शतकानुशतकं टिकायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात लिग्निन राहतं आणि शाई फुटू नये म्हणून तुरटीयुक्त खळ लावलेली असते. दोन्हींमुळे कागदात आम्ल तयार होतं, पान पिवळं पडतं, मग तपकिरी, मग घडीवर तुटतं. गंमत अशी की आनंदाश्रमातल्या तीनशे वर्षांच्या पोथीचं पान आज उलटता येतं, पण 1890 च्या स्वस्त साप्ताहिकाचं पान बोटाला चिकटून येतं.

त्यात हवामानाची भर. नवेगाव बांधसारखं मोठ्या तलावाकाठचं, जंगलाने वेढलेलं, भाताच्या पट्ट्यातलं गाव म्हणजे चार महिने ओल. माती-लाकडाच्या घरात उधई, म्हणजे वाळवी, आधी गठ्ठ्याचा तळ खाते. वरून शाबूत दिसणारा गठ्ठा उचलला की आत भुसा निघतो.

बाकीचं अर्धं उत्तर सवयीत आहे. पुस्तक कपाटात जातं, साप्ताहिक हातोहात फिरतं. हौशी वाचक वर्षाचे अंक एकत्र बांधून घेतात तेव्हाही वेष्टन आणि जाहिरातींची पानं बहुतेकदा काढून टाकली जातात. डिकन्सच्या मासिक भागांबाबत इंग्लंडमध्येही नेमकं हेच झालं. म्हणून आज जाहिरातींसह मिळालेला भाग तिकडे अधिक मोलाचा ठरतो.

मराठीत काय काय छापलं गेलं याची यादी करण्याचं मोठं काम शंकर गणेश दाते यांनी केलं. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग 1800 ते 1937 या काळाचा आहे. पण सूचीत नाव असणं आणि अंक हाती असणं यात फार अंतर आहे.

अंक सापडला तर काय करायचं?

गठ्ठा उन्हात पसरू नका. कडक उन्हाने कागद आणखी ठिसूळ होतो. सावलीत, वारा असलेल्या जागी, सपाट ठेवा. सुतळी ओढू नका, कात्रीने कापा. गंजलेल्या पिना असतील तर कागद न फाडता अलगद सोडवा, जमत नसेल तर तशाच राहू द्या. चिकटपट्टी लावायची नाही, आणि लॅमिनेशन तर अजिबातच नाही. घरोघरी जुन्या कागदांचं सर्वाधिक नुकसान प्रेमापोटी केलेल्या लॅमिनेशननेच होतं, कारण ते नंतर काढता येत नाही. डांबरगोळ्यांऐवजी कोरडी जागा आणि जमिनीपासून उंची जास्त कामाची.

मग मोबाइल काढा. फ्लॅश बंद, खिडकीजवळचा उजेड, फोन पानाला समांतर. आधी पहिलं पान, ज्यावर वर्ष, अंक आणि तारीख असते. त्यानंतर प्रत्येक पान क्रमाने, जाहिरातींसकट, कोरी बाजूही. पान तुटकं असेल तर तुकडे त्याच क्रमाने मांडून फोटो घ्या. फाइलला तारखेचं नाव द्या. आयएमजी आणि पुढे चार आकडे अशा नावाचे दोनशे फोटो वर्षभराने कुणालाच उपयोगी पडत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जाऊन अक्षरं पुसट होतात, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कायद्याची अडचण नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो आणि हरिभाऊंना जाऊन शंभरहून अधिक वर्षं झाली. त्यांचं लेखन स्कॅन करून कुणालाही मोकळेपणाने देता येतं.

मूळ अंक घरी ठेवायचा नसेल तर नियतकालिकांचा जुना संग्रह असलेल्या ग्रंथालयाशी बोला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि नागपूरचा विदर्भ साहित्य संघ या शंभरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या संस्था आहेत. देताना पोच घ्या आणि अंक कुठल्या गावात, कशा प्रकारच्या घरात सापडला हे एका कागदावर लिहून सोबत द्या. पुण्यात छापलेलं साप्ताहिक कुठवर वाचलं जात होतं, याचा पुरावा तेवढ्या चार ओळींतून मिळतो.